सभा आणि सभ्यता

'सभ्य' हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की त्याच्या पोटात 'सभा' दडलेली आहे याचे भानच आपणांस उरत नाही. पाणिनीच्या व्याकरणात या शब्दाची उपपत्ती सरळ आहे: सभेत जो साधू, म्हणजे सभेत बसण्यास व बोलण्यास जो योग्य, तो सभ्य. माणूस घरात कसा वागतो, बाजारात कसा वागतो यावरून नव्हे, तर चार जाणत्यांच्या मेळाव्यात तो कसा वागतो यावरून आपल्या पूर्वजांनी सुसंस्कृतपणाचे नाव ठरविले. ही कसोटी ज्याने प्रथम लावली त्याला आजच्या एखाद्या विद्वत्परिषदेत आणून बसविले, तर तो आपला शब्द मागे घेईल की काय, अशी शंका मला पुष्कळदा येते.

इतिहासाचा अध्यापक या नात्याने माझ्या आयुष्याची चाळीसएक वर्षे परिषदा, चर्चासत्रे आणि अधिवेशने यांच्या मांडवाखाली गेली. मांडव बदलले, पूर्वी कनात असे, आता वातानुकूलित सभागृह असते, पूर्वी खडू-फळा असे, आता पडद्यावर चित्रे सरकतात. माणसे मात्र तीच. बीजभाषण करणारे थोर गृहस्थ स्वतःचे भाषण आटोपताच पुढच्या कार्यक्रमाची घाई सांगून उठतात, आणि त्यांना मोटारीपर्यंत पोहोचविण्यासाठी अर्धी सभा त्यांच्यामागोमाग बाहेर जाते. वीस मिनिटांचा वेळ मिळालेला वक्ता पहिली आठ मिनिटे आपण किती अल्पमती आहोत हे सांगण्यात घालवितो, आणि मग चाळीस मिनिटे त्याचा पुरावा देतो. निमंत्रणपत्रिकेवर आपले नाव कोणाच्या खाली छापले, उतरण्याची खोली कोणाहून लहान मिळाली, पहिल्या रांगेतली खुर्ची कोणी बळकावली, यावरून रुसवेफुगवे होतात. लग्नातले व्याही परवडले, कारण त्यांचा मान निदान दोन दिवसांत संपतो. नवा माणूस समोर आला की दृष्टी प्रथम त्याच्या चेहऱ्याकडे न जाता छातीवरच्या नावाच्या बिल्ल्याकडे जाते, आणि बिल्ल्यावर मोठ्या संस्थेचे नाव नसले तर ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे, अधिक उपयोगी माणसाच्या शोधात निघून जाते. प्रश्नोत्तरांच्या वेळी जो उठतो त्याच्यापाशी बहुधा प्रश्न नसतोच. कोणी करू न दिलेले स्वतःचे भाषण असते.

हे सारे हास्यास्पद आहे, आणि जे हास्यास्पद असते ते बहुधा क्षम्यही असते. परंतु याच झाडाला दुसरे एक फळ येते, ते इतके निरुपद्रवी नसते. एखादा तरुण आपले काम घेऊन सभेपुढे उभा राहतो आणि सभेतला कोणी मातब्बर त्याच्या प्रतिपादनाला उत्तर न देता त्या तरुणालाच चार लोकांत हास्यास्पद करून टाकतो. या लेखात मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या प्रकाराविषयी. आणि हे बोलण्यास मी लोकांच्या दोषांचा त्रयस्थ परीक्षक म्हणून बसलेलो नाही, हे वाचकांस पुढे कळून येईलच.

विद्येने विनय येतो, असे आपण लहानपणी घोकतो. तो येत नाही, हे मोठेपणी पाहतो. आणि का येत नाही याचा विचार मात्र फारसा करीत नाही. मला त्याचे एक कारण असे दिसते. सुताराने केलेली खुर्ची डुगडुगते की नाही, हे तिच्यावर बसणाऱ्याला कळते. गवंड्याने बांधलेली भिंत पावसाळा ठरवितो. या माणसांच्या कामाला जगात एक साक्षीदार असतो आणि तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. विद्वानाच्या बाबतीत हा साक्षीदार फार उशिरा येतो, कधी कधी त्याच्या हयातीत येतच नाही. तोपर्यंत त्याला आपली किंमत कळते ती केवळ आपल्यासारख्याच इतर विद्वानांच्या डोळ्यांत पाहून. परिषद ही अशा डोळ्यांची भरलेली पेठ आहे. तेथे प्रत्येक जण आपला भाव काय चालला आहे हे चोरून पाहत असतो. ज्याचा भाव वर आहे त्याला तो उतरण्याची धास्ती, आणि ज्याचा उतरलेला आहे त्याला तो दुसऱ्याचा पाडून आपला चढवण्याची आशा. फुगलेला अहंकार वरून भरभक्कम दिसतो, पण त्याच्या आत बहुधा अशी एक घाबरट पोकळी असते. म्हणूनच टाचणी दिसताच तो इतका बिथरतो.

पण हे स्पष्टीकरण क्षुद्र माणसांपुरते झाले. खरा प्रश्न उभा राहतो तो थोर माणसांच्या बाबतीत. आणि त्यासाठी मला एका दिवसाची गोष्ट सांगितली पाहिजे. ती जगजाहीर आहे, पण तिच्यातल्या ज्या भागाकडे आपण पाहतो तो, माझ्या मते, तिचा मर्मभाग नव्हे.

सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९३० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. त्या प्रवासात त्यांनी जे गणित मांडले त्यातून एक विलक्षण निष्कर्ष निघत होता: जळून सरलेला तारा 'श्वेतबटू' म्हणून शांतपणे विझत जातो खरा, पण त्याचे वस्तुमान एका ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच. आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते आणि ती चंद्रशेखरांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्याहून जड तारा आपल्याच भाराखाली कोसळत राहणार. केंब्रिजमध्ये राहून चंद्रशेखरांनी हे गणित पूर्णत्वास नेले, आणि ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत ते मांडले. तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते.

त्या काळी खगोलभौतिकीत सर आर्थर एडिंग्टन यांच्या शब्दापलीकडे शब्द नव्हता. १९१९ च्या सूर्यग्रहणाच्या वेधांनी आइन्स्टाइनचा सिद्धांत पडताळून पाहणारे ते हेच. चंद्रशेखरांचे काम चालू असताना ते वरचेवर त्यांच्या खोलीवर येऊन प्रगती विचारीत. इतकेच नव्हे, तर या तरुणाला नेहमीच्या पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास मिळावा अशी खटपटही त्यांनीच केली. मात्र चंद्रशेखरांच्या मागोमाग आपणही त्याच विषयावर बोलणार आहोत, आणि काय बोलणार आहोत, याची वाच्यता त्यांनी त्या तरुणापाशी केली नाही. चंद्रशेखरांचे भाषण झाले. एडिंग्टन उठले आणि त्यांनी या उपपत्तीची थट्टा आरंभिली. ताऱ्याने असा वेडगळपणा करू नये यासाठी निसर्गात एखादा नियम असलाच पाहिजे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. श्रोते हसले. चंद्रशेखरांना उत्तर देण्याची संधी अध्यक्षांनी दिली नाही. सभा संपल्यावर लोक एकेक करून त्यांच्याजवळ आले आणि हळहळ व्यक्त करून गेले.

त्याच वर्षी पॅरिसला आंतरराष्ट्रीय खगोल परिषद भरली. तेथेही एडिंग्टन या विषयावर बोलले. चंद्रशेखरांनी पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, अध्यक्षस्थानी असलेल्या हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे त्यांनी उत्तर देण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. आणि हेच रसेल खाजगीत त्यांना सांगत होते की एडिंग्टनचे म्हणणे आम्हांलाही पटत नाही. बोर आणि पाउली यांच्यासारख्या धुरंधर पदार्थवैज्ञानिकांनीही चंद्रशेखरांचे बरोबर आहे असे खाजगी रीतीने कळविले. पण जाहीर वादात ते उतरले नाहीत. काही वर्षांनी चंद्रशेखरांनी हा सारा विषय एका ग्रंथात बांधून ठेवला आणि ते दुसऱ्या संशोधनाकडे वळले. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही कथा आपण सांगतो ती बहुधा अन्यायाचे अखेर परिमार्जन झाले, या समाधानासाठी. माझे लक्ष मात्र तिच्यातल्या दुसऱ्याच गोष्टींवर खिळून राहते. पहिली ही की एडिंग्टन हे दुष्ट किंवा उर्मट गृहस्थ नव्हते. ते क्वेकर पंथाचे, युद्धाला विरोध करणारे, लाजाळू, एकटे राहणारे असे गृहस्थ होते. म्हणजे सभेतली असभ्यता ही केवळ असभ्य माणसांकडून घडत नाही. उंच आसनावर फार दिवस बसलेल्या सज्जनाकडूनही ती घडते. किंबहुना त्याच्याकडून घडली म्हणजे तिला विनोदाचा, रसिकतेचा वेश चढतो आणि ती ओळखणेही कठीण जाते. दुसरी गोष्ट अशी की त्या दुपारी जे घडले ते एकट्या एडिंग्टनांनी घडवलेले नाही. ते बोलले; पण हसली ती सभा, आणि उत्तराचे दार लावले ते अध्यक्षांनी.

येथे कोणी आक्षेप घेईल, आणि तो पोकळ आक्षेप नाही. तो म्हणेल: सत्याला लाडीगोडी कशाला? शास्त्र पुढे गेले ते कठोर परीक्षेने. परिषद म्हणजे काही हळदीकुंकू नव्हे, की आलेल्या प्रत्येकीची ओटी भरून पाठवावी. चुकीचे प्रतिपादन भर सभेत फोडलेच पाहिजे. त्याने कोणाचे मन दुखावत असेल, तर त्याने विद्येच्या वाटेस जाऊ नये. उलट आपल्याकडे उपद्रव आहे तो अतिसौजन्याचाच. शाल, श्रीफळ, 'आदरणीय', 'सन्माननीय' यांच्या ओझ्याखाली खरा मतभेद गुदमरून जातो.

या आक्षेपातला शेवटचा भाग मला संपूर्ण मान्य आहे. स्तुतीचा महापूर हे सभ्यतेचे लक्षण नव्हे. तो त्याच अहंकाराचा नैवेद्य आहे. ज्या सभेत मोठ्यांना फुले पडतात त्याच सभेत लहानांना दगड पडतात, असा माझा अनुभव आहे, कारण दोन्ही ठिकाणी पाहिला जातो तो माणूस, मुद्दा नव्हे. म्हणूनच आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य नाही. कठोरपणा आणि अवमान या दोन गोष्टी एक मानण्यात तेथे गल्लत होते. आणि ही गल्लत होऊ नये म्हणून आपल्या परंपरेने फार बारकाईने विचार करून ठेवला आहे.

न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले: वाद, जल्प आणि वितंडा. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे दोन्ही बाजूंनी सत्याचा शोध घेणे हा वाद. जिंकण्यासाठी शब्दच्छल आणि क्लृप्त्या यांचाही आश्रय करणे हा जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची उखडून टाकणे ही वितंडा. सूत्रकार भाबडा नाही. जल्प आणि वितंडा यांनाही त्याने एक उपयोग नेमून दिला आहे. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा निश्चित झालेल्या तत्त्वाच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग करावा. आमच्या परिषदांत रोप उपटून टाकलेले आणि कुंपण तेवढे राखलेले मी पुष्कळदा पाहिले आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात तर वैद्यांनी वैद्यांशी चर्चा कशी करावी याचे एक प्रकरणच आहे. व्यावसायिकांच्या परिषदेविषयीचे याहून जुने विवेचन माझ्या वाचनात नाही. तेथे चर्चेचे दोन भेद केले आहेत: स्नेहाने केलेली ती संधाय संभाषा, आणि वैराने केलेली ती विगृह्य संभाषा. पहिलीचे नियम पाहावेत. निर्धास्तपणे विचारावे, विचारले असता निर्धास्तपणे विशद करून सांगावे. हार होईल म्हणून भिऊ नये, समोरच्याची हार झाली म्हणून आनंदू नये. ती चारचौघांत मिरवू नये. अज्ञानाने एकच टोक धरून बसू नये. दुसऱ्या प्रकारातले डावपेचही ग्रंथकाराने लपविलेले नाहीत. प्रतिपक्षी कमी शिकलेला दिसला तर लांबलचक सूत्रे म्हणून त्याला दडपावे, असा सल्लाही तेथे आढळतो. हे वाचून मला प्रथम धक्का बसला, आणि मग त्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटले. दडपण्याच्या युक्तीला त्याने युक्तीच म्हटले आहे. सत्यनिष्ठा म्हटलेले नाही. आणि याच ग्रंथात, ऋषींची एक परिषद हमरीतुमरीवर येते तेव्हा, आत्रेय त्यांना बजावतात की आपापले मत अंतिम मानून वादप्रतिवाद करीत राहणारे लोक घाण्यावर फिरणाऱ्यासारखे फिरत राहतात. चालतात पुष्कळ, पोहोचत कोठेच नाहीत.

बौद्ध परंपरेत मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. संवादाला बसण्यापूर्वी नागसेन विचारतो: महाराज, तुम्ही पंडितांच्या रीतीने बोलणार की राजांच्या? पंडितांच्या चर्चेत गाठी घातल्या जातात, सोडविल्या जातात, चूक दाखविली जाते, ती कबूल केली जाते, आणि तरी पंडित रागावत नाहीत. राजे एक विधान करतात आणि जो ते मान्य करीत नाही त्याला दंड फर्मावतात. मिलिंद पंडिताच्या रीतीने बोलण्याचे कबूल करतो, आणि मगच संवाद सुरू होतो. राजे आता राहिले नाहीत. परंतु पंडितांनी राजांची रीत उचलली, हे नागसेनाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तेव्हा कसोटी अवघड नाही. माझ्या टीकेनंतर समोरच्याला बोलण्यास अधिक जागा उरते की कमी? 'तुमचे तिसरे अनुमान दुसऱ्यातून निघत नाही' हे वाक्य कितीही कठोर असो, त्याला उत्तर देता येते. 'तुम्ही हे शिकलात तरी कोठे?' या वाक्याला उत्तर नाही. त्याचा हेतूच उत्तर बंद करण्याचा असतो. पहिले वाक्य कठोर असून सभ्य आहे, दुसरे गोड हसून म्हटले तरी असभ्य आहे.

आता एक अधिक अवघड गोष्ट. अपमानाच्या ज्या कथा आपण आवडीने सांगतो, त्यांतले अपमानित नेहमी अखेर बरोबर ठरलेले असतात. डॅन शेख्टमन यांना १९८२ साली स्फटिकांची एक अशी रचना आढळली की जी प्रचलित नियमांत बसत नव्हती. दोन नोबेल पारितोषिकांचे धनी लायनस पॉलिंग यांनी त्यांची खिल्ली उडविताना, अर्धस्फटिक असे काही नसते, असतात ते अर्धेमुर्धे शास्त्रज्ञ, अशा अर्थाचा टोमणा मारला, असे शेख्टमन सांगतात. २०११ साली रसायनशास्त्राचे नोबेल शेख्टमन यांना मिळाले. कथा समाधानकारक आहे. परंतु ज्यांची हेटाळणी झाली आणि जे खरोखरच चुकलेले होते, त्यांचे काय? असे कितीतरी असतील आणि त्यांची नावे कोणी जपलेली नाहीत. जर चंद्रशेखरांचे गणित चुकले असते, तर ११ जानेवारीचे हसणे योग्य ठरले असते काय? मला वाटते, नाही. भावी विजेत्यांना सौजन्याने वागवावे, असा नियम करता येत नाही. कारण सभेत उभा असलेला माणूस बरोबर आहे की चूक, हेच तर तेथे ठरावयाचे असते. जे ठरण्यापूर्वीच लागू करावे लागते ते सौजन्य निकालावर अवलंबून कसे राहील? ते माणसाच्या बरोबर असण्याला दिलेले बक्षीस नाही; त्याच्या उभे राहून बोलण्याला दिलेले ते प्रवेशपत्र आहे.

हे प्रवेशपत्र नाकारले की काय होते, याची साक्ष आमच्या गोमंतकातच आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातील औषधींविषयीचा आपला संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला. दोन वैद्यांची ती प्रश्नोत्तरे आहेत. एक ग्रंथांचा हवाला देतो, दुसरा स्वतः पाहिलेले सांगतो. त्यात ओर्ता एके ठिकाणी कबूल करतो की आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध आणि ग्रीकांविरुद्ध काही बोलण्याचे आपणांस धैर्य झाले नसते. गॅलेन मरून तेव्हा तेरा शतके उलटली होती. त्याच्या नावाने बोलणाऱ्यांचा दरारा मात्र असा जिवंत होता की डोळ्यांनी पाहिलेले सांगण्यासाठी एका अनुभवी वैद्याला समुद्र ओलांडून मांडवीच्या काठी यावे लागले. प्रत्येकाला असा समुद्र ओलांडता येत नाही. बाकीचे गप्प बसतात, आणि जे त्यांनी पाहिले ते त्यांच्याबरोबर जाते. असभ्यतेची खरी किंमत ही आहे. एका माणसाचे मन दुखावले, हा तिचा लहान भाग. मागच्या रांगेतल्या दहा जणांनी हात वर करण्याचे सोडून दिले, हा मोठा.

तर मग दोष कोणाचा? महाभारताच्या सभापर्वात द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते आणि सारी सभा खाली मान घालून बसते. त्या वेळी विदुर एक जुना हिशेब सांगतो. ज्या सभेत निंद्य कृत्याची निंदा होत नाही, तेथे त्या पापाचा चौथा भाग करणाऱ्याकडे जातो, चौथा भाग गप्प बसणाऱ्या सभासदांकडे जातो, आणि अर्धा भाग सभेत जो श्रेष्ठ असेल त्याच्याकडे जातो. या हिशेबाकडे मी पूर्वी कवीची अतिशयोक्ती म्हणून पाहत असे. आता तसे पाहत नाही. त्याला कारण घडले.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका इतिहासपरिषदेत दुपारच्या सत्राचा मी अध्यक्ष होतो. शेवटचा निबंध एका तरुण संशोधिकेचा होता; विषय काही मराठी पत्रांच्या कालनिर्णयाचा. मोडी पत्रांत बहुधा सुहूर सन असतो. त्याचा इसवी सन काढताना ५९९ मिळवावयाचे की ६००, हे पत्र वर्षाच्या कोणत्या भागातले आहे यावर ठरते. सुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीनंतर ६००. एका पत्राच्या बाबतीत हा एक आकडा चुकला असून त्यामुळे घटनांचा क्रम उलटा लागला आहे, असे तिचे म्हणणे होते. तो क्रम लावणारे ज्येष्ठ संशोधक पहिल्याच रांगेत बसले होते. ते उठले. पत्राविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. 'बाई,' ते म्हणाले, 'तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी ही पत्रे वाचतो आहे. तुम्हांला मोडी शिकवली तरी कोणी?'

सभागृह हसले. आणि मला हे लिहिणे भाग आहे की मीही हसलो. त्या हसण्यात द्वेष नव्हता. मोठ्या माणसाच्या विनोदाला हसण्याची चाळीस वर्षांची सवय होती. ती मुलगी कागद हातात धरून उत्तर देण्यासाठी माझ्याकडे पाहत होती. मी घड्याळाकडे पाहिले, वेळ संपल्याचे जाहीर केले आणि उभयतांचे आभार मानले.

चहाच्या वेळी मी तिच्याजवळ गेलो. 'मनाला लावून घेऊ नका,' मी म्हणालो, 'त्यांचा स्वभावच तसा आहे. तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे.' तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'सर, हे तुम्ही आत बोलायला हवं होतं.'

तिचे म्हणणे बरोबर होते की त्या ज्येष्ठांचे, हे मी येथे मुद्दामच सांगत नाही. माझ्या कर्तव्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. तिला दोन मिनिटे देणे एवढेच माझे काम होते, आणि त्या सभागृहात ते करू शकणारा माणूस मी एकटाच होतो. घंटा माझ्या हाताशी होती. विदुराचा अर्धा भाग म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. ज्याच्या हाती घंटा, त्याच्या माथी अर्धे.

आणि तिच्या त्या वाक्याने मला पॅरिसचे रसेल, लंडनचे हळहळणारे सभासद आणि पत्रांतून पाठिंबा कळविणारे थोर पदार्थवैज्ञानिक एकदम उलगडले. अपमान जाहीर होतो, सहानुभूती खाजगी राहते. आपण भर सभेत गप्प बसतो आणि चहाच्या पेल्यापाशी सज्जन होतो. ही उशिराची सज्जनता अपमानित माणसाच्या काही उपयोगाची नसते. ती आपल्याच मनाची समजूत घालण्यासाठी असते.

उपाय मोठे नाहीत. अहंकार नाहीसा करा, असे सांगण्याइतका मी साधुपुरुष नाही. तो संतांनाही जड गेला. पण सभेचे नियम अहंकारी माणसांसाठीच असतात, जसा बांध पुरासाठीच असतो. घंटा लहानथोर सर्वांसाठी एकाच मिनिटाला वाजावी. पहिला प्रश्न विचारण्याचा मान सभेतल्या सर्वांत धाकट्याला द्यावा, म्हणजे थोरांचे मत ऐकून तो आपला प्रश्न गिळणार नाही. जो आक्षेप घेईल त्याने आधी समोरच्याचे म्हणणे अशा शब्दांत मांडावे की समोरच्याने 'होय, माझे म्हणणे हेच' असे कबूल करावे. आमच्या शास्त्रकारांनी यालाच पूर्वपक्ष म्हटले आणि त्यावाचून उत्तरपक्षाला उभे राहू दिले नाही. आणि ज्याच्यावर टीका झाली त्याचा शब्द शेवटचा असावा. मी अध्यक्ष असतो तेव्हा आता एवढे पाळतो. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी माझ्याविषयी नाराजी झाली आणि एका ठिकाणचे बोलावणे बंद झाले. विदुराच्या हिशेबात हा दंड फार हलका आहे.

एडिंग्टन १९४४ साली वारले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९८२ साली, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांच्यावर दोन व्याख्याने झाली. व्याख्याते होते चंद्रशेखर. पुस्तकरूपाने आलेल्या त्या व्याख्यानांच्या शीर्षकातच त्यांनी एडिंग्टनांना आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ खगोलभौतिकीज्ञ म्हटले आहे. एडिंग्टनांचे मोठेपण त्यांनी त्यांत मोकळेपणाने मांडले, त्यांची चूकही मांडली, आणि माणसाची थट्टा कोठेही केली नाही. सभेत साधू असणे म्हणजे काय, ते यावरून कळते.

तेवढी उंची आपल्यापैकी फार थोड्यांना साधेल. पण त्याच्या अलीकडची एक पायरी सर्वांच्या आवाक्यात आहे. पुढच्या परिषदेत कोणी मोठा माणूस कोणा लहान माणसाची टर उडवील आणि आपल्या ओठांवर सवयीचे हसू येऊ लागेल, तेव्हा ते तेथेच आवरावे. आणि चहाच्या वेळी जे आपण हळूच सांगणार आहोत ते हात वर करून आत सांगावे.